हात न लावता उघडणारी पेटी

आमची इमारत कललेली नाही. हे मी शेवटचं सांगतो आहे. यापुढे जिन्यात, गच्चीवर किंवा पंपाच्या खोलीपाशी मला गाठून जो कोणी हळूच ‘काय, आज कितपत कलली?’ असं विचारेल, त्याचं मी काय करीन ते आत्ता सांगत नाही, कारण मी शांत स्वभावाचा माणूस आहे. माझ्या नाकावर राग असतो ही अफवा आहे आणि ती माझ्याच घरातून पसरलेली आहे.

झालं ते सगळं एका पेटीमुळे.

आमच्या कन्येचं नि माझं बोलणं गेली काही वर्षं सूचनाफलकावरच्या मजकुरासारखं चालतं. ‘बाबा, पंखा बंद कर.’ ‘बाबा, दार ओढून घे.’ ‘बाबा, ओरडू नकोस, माझे मित्र आलेत.’ त्यामुळे त्या सकाळी तिने चहाच्या कपाशेजारी एक कागद सरकवला आणि ‘बाबा, मला एवढं करून देशील?’ असं विचारलं, तेव्हा मी कप खाली ठेवला. कागदावर एका पेटीचं चित्र होतं. बुटांच्या खोक्याएवढी पेटी, पुढे एक खण, खणावर तीन गोल चकत्या.

‘रविवारपर्यंत हवीय,’ ती म्हणाली. ‘जमणार नसेल तर तसं सांग. मी मामाला सांगते.’

हे वाक्य तिने मुद्दाम उच्चारलं की सहज, हे मला आजही ठाऊक नाही. मामा म्हणजे माझा मेव्हणा. त्याच्याकडे चार कप्प्यांची हत्यारांची पेटी आहे आणि तो ती पाहुणा म्हणून आला तरी बरोबर आणतो. आमच्या बाथरूमचा नळ त्याने एकदा दुरुस्त केला. तेव्हापासून तो नळ सोडताना आमची ही दरवेळी भावाची आठवण काढते. ‘मामा कशाला?’ मी म्हणालो. ‘मामा कुठे मध्येच आला? मी काय मेलोय?’

‘ओरडू नकोस,’ कन्या म्हणाली.

आता खेळाबद्दल सांगायला हवं. दर रविवारी आमच्या जेवणाच्या टेबलाभोवती तिचे चार मित्रमैत्रिणी बसतात आणि ती त्यांना एक गोष्ट सांगते. गोष्ट तिची, पण गोष्टीत वागायचं त्यांनी. एक म्हणतो, मी दार फोडतो. मग फासा टाकायचा. फासा चांगला पडला तर दार फुटलं, वाईट पडला तर त्याचा खांदा. दोन वर्षं एकच गोष्ट चालू आहे. ‘ही मुलं शहाणी आहेत ना?’ असं मी बायकोला एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, ‘तुम्ही रोज टीव्हीतल्या बातम्या सांगणाऱ्याशी भांडता. तो तरी तुम्हाला उत्तर देतो का?’

तर या रविवारी ती गोष्ट संपणार होती. संपवावीच लागणार होती, कारण सोमवारी कन्या नोकरीसाठी दुसऱ्या शहरात निघणार होती. शेवटी एका किल्ल्यात त्या चौघांना एक पेटी सापडते, आणि ती पेटी फाशाने उघडायची नाही, खरीखुरी टेबलावर ठेवायची आणि त्यांनी डोकं चालवून उघडायची, असा बेत होता.

‘आत काय आहे?’ मी विचारलं.

‘राजा.’

‘एवढ्याशा खोक्यात?’

‘गोष्टीत रे, बाबा.’

पेटीची करामत अशी होती. खणाच्या मागे एक उतरती पन्हळ, तिच्यात सायकलीच्या दुकानातला एक छर्रा. कोणी पेटी हलवली, खण ओढला, आपटला, की छर्रा वरच्या खाचेत जाऊन बसणार आणि खण अडणार. जेवढं ओढाल तेवढा घट्ट. पण पेटी सपाट जागी ठेवली आणि कोणी तिला हातच लावला नाही, तर छर्रा सावकाश खाली उतरणार, एका दांडीच्या टोकावर पडणार, दांडीच्या दुसऱ्या टोकाचा आकडा सुटणार आणि खण आपोआप बोटभर पुढे येणार.

‘आणि या चकत्या?’

‘त्या नुसत्या फिरतात.’

‘म्हणजे कशाला जोडलेल्या नाहीत?’

‘नाही. लोक फिरवत बसतील म्हणून.’

मी वजनमापं तपासणाऱ्या खात्यात आहे. माझं सबंध आयुष्य काटा खरं बोलतो की खोटं हे बघण्यात गेलं आहे. मला बघून दुकानदार तराजू पुसायला घेतात. त्या माणसाने कशालाच न जोडलेल्या तीन चकत्या बसवायच्या? मी म्हणालो, ‘ही फसवणूक आहे.’ ती म्हणाली, ‘बाबा, खेळ आहे.’ मी म्हणालो, ‘आणि हात न लावता उघडतं ते कोडं कसलं?’ यावर ती ‘तुला जमेल,’ एवढंच म्हणून आंघोळीला गेली.

तुला जमेल! हे ऐकायला मी किती वर्षं थांबलो होतो. मी त्याच दिवशी अर्धी रजा टाकली.

पेटीचं खोकं सुताराकडून करून घ्यायचं ठरवलं, इथेच पहिली माशी शिंकली. आमचा सुतार आयुष्यभर स्वयंपाकघरांचे ओटे करत आला आहे, त्यामुळे त्याला जगातली प्रत्येक गोष्ट ओट्याखाली बसवायची असते. ‘साहेब, आत मधे एक कप्पा टाकू का? चमचे राहतील.’ चमचे ठेवायचे नाहीत, मी म्हणालो. ‘मग वरून लॅमिनेट मारतो. पुसायला बरं.’ पुसायचं नाहीये, मी म्हणालो. ‘खणाला चॅनल लावतो, नुसतं बोट लावलं की सर्रकन येईल.’ मी ओरडून म्हणालो, ‘तो येऊ नये म्हणूनच तर करतोय!’ त्याने रंधा खाली ठेवला आणि माझ्याकडे फार कणवेने पाहिलं. त्याने अखेर खोकं करून दिलं, पण आणून देताना माझ्या हातात न देता बायकोच्या हातात दिलं आणि ‘ताई, साहेबांची तब्येत बरी आहे ना?’ असं विचारून गेला.

पुढे भोकं पाडायची होती. ड्रिल मशीन शेजारून आणलं. पहिल्या भोकाचा आवाज झाला आणि सोसायटीचे सेक्रेटरी दारात. हा गृहस्थ एरवी लिफ्ट बंद पडली तर आठवडाभर सापडत नाही.

‘दुपारी विश्रांतीची वेळ आहे. ड्रिल चालवायला अर्ज लागतो,’ ते म्हणाले.

मी अर्ज लिहिला. त्यांनी तो डोळ्यांपासून लांब धरून वाचला. ‘कारण लिहिलंय, पेटी करणे. पेटीत काय ठेवणार ते नमूद केलेलं नाही.’

‘काही नाही. रिकामी आहे.’

‘मग रिकाम्या पेटीला कुलूप कशाला?’

‘कुलूप नाहीये हो! ती आपोआप उघडते!’

‘आपोआप उघडते तर ड्रिल कशाला?’

माझ्या खात्यात मीही लोकांच्या अर्जांवर शंका काढतो. पण त्या शंकांना काही दर्जा असतो. सेक्रेटरींनी अर्ज कमिटीपुढे ठेवतो म्हणून सांगितलं आणि विश्रांतीला निघून गेले. मग मी उरलेली भोकं सामत्याने, हाताने फिरवून पाडली. तळहाताला फोड आले. बायकोने मलम दिलं आणि मेव्हण्याला फोन लावला. मेव्हणा फोनवर म्हणाला, ‘भावोजी, छर्रा कशाला? चुंबक लावा. मी येऊ का?’

‘काही गरज नाही,’ मी म्हणालो. मेव्हणा आला. त्याने पेटी उलटीपालटी करून पाहिली, दोनदा ‘हं’ म्हणाला, एकदा ‘हम्म’ म्हणाला, सगळा चहा प्याला आणि गेला. तो गेल्यावर माझा पिवळ्या मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर सापडेना.

हा स्क्रू-ड्रायव्हर लग्नाआधीपासून माझ्याकडे आहे. या घरात फक्त माझी म्हणावी अशी ती एकच वस्तू. मी सबंध घर उलथंपालथं केलं. गाद्या काढल्या. मग मी शांतपणे विचार केला आणि शांतपणे मेव्हण्याला फोन करून विचारलं, की चुकून तुझ्या पेटीच्या चार कप्प्यांपैकी कुठल्या कप्प्यात गेला आहे का बघ. तो म्हणाला नाही. मी म्हणालो नीट बघ. त्याने फोन ठेवला. मग मी सुताराला विचारलं. त्यानंतर तो आमच्या इमारतीतच यायचा बंद झाला, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंचा अर्धा राहिलेला ओटा तसाच आहे. त्याही आता माझ्याशी बोलत नाहीत. दुसऱ्या दिवशी मेव्हण्याने नव्या कोऱ्या स्क्रू-ड्रायव्हरांचा सबंध संच घरी पाठवून दिला. अपमान करावा तर असा.

एवढं सोसून पेटी तयार झाली, टेबलावर ठेवली, आणि उघडेना. मी समोर बसून राहिलो. काही नाही. जरा ढोसून पाहिलं. आत छर्रा खडखडत वर गेला. पुन्हा थांबलो, पुन्हा काही नाही. मी टेबलावर मूठ आपटली. बायको आतून म्हणाली, ‘हात लावायचा नाही असं ती म्हणाली ना?’

‘मी हात लावलेला नाही! टेबलाला लावला!’

मग माझ्या लक्षात आलं. दोष पेटीचा नव्हता, टेबलाचा होता. टेबल खिडकीच्या अंगाला उतरतं होतं, त्यामुळे पन्हळीचा उतार मारला जात होता. मी टेबलाच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली. तरी उतार राहिला. मग टेबल दुसऱ्या खोलीत नेलं. तिथेही तेच. तेव्हा मी बायकोला सांगितलं की आपली फरशीच तिरकी आहे.

‘नाचता येईना, अंगण वाकडं,’ ती म्हणाली आणि भाजी चिरायला लागली.

माझं म्हणणं एवढंच आहे, की कधी कधी अंगण खरोखरच वाकडं असतं! ते सिद्ध करायला मी खालच्या मजल्यावरच्या काकांकडे गेलो. त्यांच्याकडे गवंड्यांची ती बुडबुड्याची पट्टी आहे. ती आडवी ठेवली आणि बुडबुडा मधे आला, की जागा सपाट. काका पट्टी घेऊन स्वतःच वर आले, कारण ते कुठलीच वस्तू एकटी पाठवत नाहीत. पट्टी फरशीवर ठेवली. बुडबुडा सरकत एका टोकाला गेला आणि तिथे जाऊन बसला.

‘फरशी बाहेरच्या अंगाला उतरती आहे,’ मी म्हणालो. मी हे ज्या आवाजात म्हणालो तो माझा कचेरीतला आवाज होता, हे मला मान्य आहे. सवयीने येतो. दुकानदारांना तो आवाज ऐकून घाम फुटतो. काकांना फुटला. ते पट्टी तिथेच टाकून गेले.

संध्याकाळपर्यंत सबंध इमारतीत झालं होतं, की वजनमापं खात्याच्या माणसाने मोजमाप करून इमारत कलल्याचं जाहीर केलं आहे. ‘जाहीर’! घरोघर लोक जमिनीवर गोट्या सोडून बघायला लागले. ज्यांच्याकडे गोट्या नव्हत्या त्यांनी लिंबं सोडली. प्रत्येकाची गोटी खिडकीकडेच गेली आणि जिन्यात रडारड सुरू झाली. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी आपलं कपाट ओढून आतल्या भिंतीला लावलं, इमारतीचा तोल सांभाळायला म्हणून. ते बघून त्यांच्या वरच्यांनी पलंग ओढला. मी प्रत्येकाला सांगत होतो की मी फक्त फरशीबद्दल बोललो. त्यावर लोक एकमेकांकडे बघून म्हणत, ‘सरकारी माणूस आहे. उघड बोलता येत नाही बिचाऱ्यांना.’

शनिवारी सोसायटीने एका इंजिनियरला बोलावलं. त्याने चार घरं बघितली आणि सांगितलं, की फरश्या धुतल्यावर पाणी बाहेरच्या अंगाला वाहून जावं म्हणून बांधतानाच थोडा उतार ठेवलेला आहे, सगळीकडे ठेवतात, इमारत ठणठणीत आहे. एवढं ऐकल्यावर माझी माफी मागावी की नाही? मला नोटीस आली. रहिवाशांमध्ये घबराट पसरवल्याबद्दल आपल्यावर कारवाई का करू नये, याचा खुलासा करावा. खाली दुसरं कलम: रहिवाशांनी यापुढे कमिटीच्या परवानगीशिवाय जमिनीवर गोट्या सोडू नयेत. आणि तिसरं: ड्रिलचा अर्ज विचारांती फेटाळण्यात येत आहे.

मी टेबल परत जागेवर आणलं, ती नोटीस चार पदरी दुमडली आणि टेबलाच्या पायाखाली पुठ्ठ्यावर सरकवली. पट्टी ठेवून पाहिली, बुडबुडा बरोबर मधे. त्या कागदाचा झालेला हा एकमेव उपयोग. पण पेटी उघडते की नाही ते मी पाहू शकलो नाही, कारण मी समोर बसलो की मला सेक्रेटरी आठवत, गुडघा थडथडायला लागे, आणि आत छर्रा वर जाई. कन्येने पेटी उचलून आपल्या खोलीत नेली. ‘झाली बाबा, छान झाली,’ म्हणाली. मी म्हणालो, ‘स्क्रू-ड्रायव्हर बघितलास का?’ तिने खोलीचं दार ओढून घेतलं.

रविवारी मला हुकूम होता, स्वयंपाकघरातून बाहेर यायचं नाही. दार लोटलेलं होतं, पण फट होती. चौघं जण टेबलाभोवती, मध्ये माझी पेटी. कन्या सांगत होती, ‘या पेटीत एक राजा आहे. त्याला कोणी कोंडलेलं नाही. तो रागावून स्वतःच आत जाऊन बसलाय.’

मला गोष्ट बरी वाटली. राजाचं काहीतरी कारण असणार.

त्यांनी चकत्या फिरवल्या. सगळ्या बाजूंनी फिरवल्या. मग एका चष्मेवाल्याने खण ओढला, आणि छर्रा वर गेला. त्याने पेटी कानाशी धरून हलवली. माझ्या सात दिवसांच्या कष्टांची पेटी, आणि तो ती खुळखुळ्यासारखी हलवतो! मी पुढे झालो, तेवढ्यात बायकोने माझ्या हातात चिरायला कांदा दिला. तिकडे एक वेणीवाली मुलगी म्हणाली, ‘आपण राजाला धमकी देऊ.’ कन्या म्हणाली, ‘तो आणखी घट्ट बसतो.’ ‘समजूत घालू?’ ‘तो म्हणतो, मी मुळीच रागावलेलो नाही.’ ‘मग त्याला पुराव्यानिशी पटवून देऊ, की तू रागावला आहेस.’ चौघंही हसली. ‘ते आम्ही करून बघितलंय,’ कन्या म्हणाली.

आम्ही? हा ‘आम्ही’ गोष्टीत कुठून आला, असं माझ्या मनात आलं तेवढ्यात बायको चहाचा ट्रे घेऊन बाहेर गेली. तिला छर्रा, पन्हळ, दांडी, काही म्हणजे काही माहीत नव्हतं. ती ट्रे ठेवता ठेवता म्हणाली, ‘अरे, ठेवा त्याला तसाच. मागे लागू नका. चहा घ्या आणि दुसरं काहीतरी बोला. तो येतो आपोआप बाहेर, मला विचारा.’

त्यांनी पेटी ठेवली. कप उचलले आणि नोकऱ्यांबद्दल, भाड्याच्या खोल्यांबद्दल बोलायला लागले. मी कांदा धरून उभा होतो. बराच वेळ काहीच झालं नाही. आणि मग, टक्. आकडा सुटला आणि खण आपोआप बोटभर पुढे आला.

ते ओरडले. मीही ओरडलो असतो, पण वेणीवालीने खणात हात घालून बाहेर काढला, तो माझा पिवळ्या मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर.

‘हा राजाचा राजदंड,’ कन्येने सांगितलं. ‘काम करता करता राजाने तो स्वतःच्याच हाताने या पेटीत ठेवला. आणि मग चोरीला गेला म्हणून सबंध राज्याला चोर ठरवलं. प्रधानाला सुद्धा सोडलं नाही. प्रधान म्हणजे राजाचा मेव्हणा.’

‘काखेत कळसा आणि गावाला वळसा,’ माझी बायको म्हणाली आणि तोंडाला पदर लावला.

मग मात्र मी बाहेर आलो. दार भिंतीवर आपटलं. मला बरंच बोलायचं होतं. की ही बदनामी आहे. की खणात हत्यार राहिलं असेल तर ते घाईमुळे राहिलं, आणि घाई कुणामुळे झाली. की राजा ओरडला नाही तर या राज्यात पंखेसुद्धा बंद होणार नाहीत. पण मी तोंड उघडायच्या आत तो चष्मेवाला खुर्चीवरून उठला आणि म्हणाला, ‘राजा बाहेर आला!’ आणि ती चारही मुलं उभी राहून मला लवून मुजरा करायला लागली. हातात कांदा घेतलेल्या माणसाला.

कन्या उठली नाही. तिच्या हातात फासा होता आणि तिचं लक्ष फाशाकडे होतं. ती म्हणाली, ‘राजा बाहेर आला आहे. राजकन्या उद्या दूरच्या गावी निघाली आहे. राजाला तिला काही सांगायचं आहे का?’

गोष्टीतच विचारत होती. पण तिचा आवाज गोष्टीतला नव्हता.

मला राग आला होता, हे मी नाकारत नाही. आठवडाभर आलेला होता. सुताराचा, सेक्रेटरींचा, त्या बुडबुड्याचा. आणि तिथे उभ्या उभ्या मला कळलं, की त्यांच्यातल्या एकाचाही तो नव्हता. ती जाणार होती, याचा मला राग आला होता. आठवडाभर तिने माझ्याकडे काहीतरी मागितलं होतं आणि सोमवारपासून मागणार नव्हती, याचा राग.

‘या टेबलाच्या पायाखालचा कागद कोणी काढायचा नाही,’ मी म्हणालो. ‘परत येशील तेव्हा खेळायला सपाट लागेल.’

कोणी हसलं नाही. वेणीवालीने हळूच विचारलं, ‘यावर फासा टाकायचा?’

‘याला फासा लागत नाही,’ कन्या म्हणाली, आणि डोळे पुसत म्हणाली, ‘बाबा, कांदा लांब ने रे.’

ती गेली. नोटिशीचा खुलासा मी अजून दिलेला नाही. देणार कसा, नोटीस टेबलाखाली आहे. मेव्हण्याला त्याचा संच परत केला आणि सोबत दोन शब्द बोललो, ते काय बोललो ते आमच्या दोघांत राहील. पेटी टेबलावरच असते. रविवारी दुपारी मी तिच्यासमोर बसतो. आठवडाभरात कुणाचा ना कुणाचा राग आलेलाच असतो, त्यामुळे आधी खण ओढून बघतो, तो अडतो. मग आतून बायको म्हणते, ‘ठेवा खाली,’ आणि मी हात मांडीवर घेऊन बसतो. तेवढ्यात फोन येतो.

‘काय बाबा, उघडली का?’

‘उघडेल,’ मी म्हणतो. ‘तू बोल.’